कंसातला आजार

४ जून

समोरच्या दुकानाचं आज उद्घाटन झालं. काचेचं दार, आत एसी, बाहेर फुग्यांची कमान आणि 'सर्व औषधांवर २० टक्के सूट' असा फलक, तोही नेमका माझ्या गल्ल्याच्या तोंडासमोर. अख्खा अक्कलकोट रोड मोकळा पडलेला असताना त्यांना हीच जागा सापडली. त्यांचा मॅनेजर स्वतः पेढे घेऊन आला. "गुरुशांत सर ना? तुमचं नाव ऐकून आहे," म्हणाला. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

लग्न झाल्यापासून महेश्वरी दुपारी एक ते चार गल्ल्यावर बसते. तिला सगळं ठाऊक असतं, तरी संध्याकाळी विचारलंच, "गिऱ्हाईक कमी झालं का हो?" मी म्हटलं, लोक एसी बघायला गेलेत, येतील परत. तिने नुसती मान हलवली आणि शटरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

९ जून

लोक परत आले नाहीत. एसी चांगला असावा.

छापील किमतीवर आम्हाला सोळा ते वीस टक्के सुटतात. वीस टक्के सूट द्यायची म्हणजे विजेचं बिल खिशातून भरायचं. समोरच्यांना परवडतं, कारण ते माल थेट कंपनीकडून उचलतात आणि अर्ध्या गोळ्या स्वतःच्या छापाच्या खपवतात. मला ते जमण्यासारखं नाही. पण औषधविक्रेत्यांच्या बैठकीत पुण्याचा एक जण भेटला, त्याने सभासद कार्डाची युक्ती सांगितली. वर्षाला तीनशे रुपये फी घ्यायची, घरातल्या चार माणसांची नावं कार्डावर घालायची आणि वर्षभर डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांवर पंधरा टक्के सोडायचे. मोठ्या कंपनीच्या नावाऐवजी जेनेरिक चालत असेल तर चाळीस, कारण त्यात मुळात सुटतंच जास्त.

वरवर पाहता हा तोट्याचा धंदा. पण फी भरलेला माणूस दुसरीकडे जात नाही, त्याला तीनशे रुपये वसूल करायचे असतात. आला की साबण, बिस्किटं, डायपर इथूनच नेतो. आणि खरी गंमत म्हणजे बरेच जण फी भरतात आणि पुन्हा फिरकतच नाहीत. "नफा येणाऱ्या सभासदात नसतो, न येणाऱ्यात असतो," असं पुणेकर म्हणाला. ऐकून जरा ओशाळल्यासारखं झालं. मग ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

१९ जून

कार्डं छापून आली. नाव ठेवलंय 'सोबती'. महेश्वरीला रंग भडक वाटला.

कॉम्प्युटरवाल्याने बिलाच्या प्रोग्रॅमला मेसेजची सोय जोडून दिली. सभासदाची औषधं संपायला आली की पाच दिवस आधी मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. नंबरासाठी दोन रकाने आहेत, पहिला बंद लागला तर मेसेज दुसऱ्यावर जातो. मजकूर त्याने इंग्रजीत केला होता. मी तो मराठीत करून घेतला आणि त्यात एक सुधारणा सुचवली. गोळीचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. लोक 'बीपीची द्या', 'शुगरची द्या' असंच म्हणतात. म्हणून नावापुढे कंसात आजार येईल असं करायला लावलं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "असं कुणी करत नाही, सर." मी म्हटलं, म्हणूनच करायचं.

२६ जून

वळसंगचे सिद्धाप्पा आले. मेंढरं राखतात. दर महिन्याला एसटीने येतात, फिटच्या गोळ्या नेतात आणि सोबत कॅल्शियमची एक डबी. वर्षभरापासून त्यांची एक विचित्र तऱ्हा आहे. डबी इथेच उघडतात, कॅल्शियमच्या गोळ्या कागदात बांधून खिशात घालतात आणि फिटच्या गोळ्या स्ट्रिपमधून एकेक सोडवून त्या मोकळ्या डबीत भरायला लावतात. मी कितीदा सांगितलं, स्ट्रिप मोडली की मुदत कळत नाही, गोळी दमट होते. "डबी बरी पडती, आण्णा," एवढंच म्हणतात. कॅल्शियमचं काय करता विचारलं, तर म्हणाले, "व्यालेल्या मेंढीला घालतो की." दक्षिण सोलापुरात सगळ्यात मजबूत हाडं त्यांच्या मेंढ्यांचीच असणार.

कार्ड घ्या म्हटलं, वर्षाचे सात-आठशे वाचतील. त्यांना पटलं. पण कार्डासाठी पेशंटचं नाव चिठ्ठीप्रमाणे लागतं. आजवर बिल त्यांच्याच नावाने होत होतं, जुनं गिऱ्हाईक म्हणून मी कधी चिठ्ठी निरखली नव्हती. आज पाहिली तर पेशंट पूनम, त्यांची मुलगी.

"नाव माझंच घाला की," ते म्हणाले.

"कार्डात तसं चालत नाही, मामा."

ते बराच वेळ नोटांच्या घड्या घालत राहिले. मग विचारलं, "त्ये नाव कुटं दिसतंय?"

"फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये."

"मग घाला."

आणखी एक अडचण होती. मुलीचं लग्न होऊन ती होटगीला गेलीय आणि कार्ड एका घरातल्या माणसांचं. तेही त्यांनी निकालात काढलं. "पोरगी हाय माझी. नांदाय गेली म्हून काय परकी झाली व्हय? दवापाणी म्हायेरचंच असतंय." मी नियमाला थोडी मुरड घातली. जावई रेल्वेत ट्रॅकमन आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मी म्हटलं, मग तर रेल्वेच्या दवाखान्यात तिच्या गोळ्या फुकट मिळतील, तुम्ही कशाला खर्च करता? "व्हय व्हय," म्हणाले आणि एसटी जाईल म्हणून लगबगीने निघाले. एसटीला अजून अर्धा तास होता. खेड्यातल्या लोकांना सरकारी सोयींची माहितीच नसते. कार्डाची फी भरल्यावर पैसे पंधरा दिवसांच्या गोळ्यांपुरतेच उरले, तेवढ्याच नेल्या. कार्ड क्रमांक ४१.

१२ जुलै

सत्तर सभासद झाले. समोरच्या मॅनेजरने लांबूनच हात केला.

दुपारी दुकानाच्या नंबरवर एका बाईचा फोन आला. आवाज अगदी दबका. "अप्पा आलते का गोळ्या न्यायला? वळसंगचे." मी म्हटलं, अजून नाही, त्यांचा फोनही बंद लागतोय. "माझ्याजवळ दोन दिवसाच्याच ऱ्हायल्यात," म्हणाली. मग घाईघाईने, "ह्या नंबरवर परत लावू नका," आणि फोन ठेवला. का लावू नये ते कळलं नाही.

सिद्धाप्पा रानात असले की त्यांचा फोन दिवसदिवस बंद असतो आणि कार्ड ४१ चा दुसरा रकाना मोकळाच होता. त्यात हा नंबर भरून टाकला. सभासदाची माहिती पूर्ण असली की बरं वाटतं.

सिद्धाप्पा संध्याकाळी येऊन गेले. डबी भरून दिली.

८ ऑगस्ट

पहिला नंबर बंद असलेल्या सभासदांना आज दुसऱ्या नंबरवर मेसेज गेले. एकूण एक पोचले. कॉम्प्युटरवाल्याला फोन करून कळवलं. तो "छान, सर" म्हणाला आणि बिलाचे पैसे कधी देताय ते विचारलं.

१० ऑगस्ट

आज सकाळी पूनमचा नवरा दुकानात आला. उंच, सावळा, पोरगेलासा, बोलणं अदबीचं. फोन पुढे करून विचारलं, "ह्यो तुमच्याच दुकानाचा मेसेज हाय का?"

मी पाहिलं. 'नमस्कार. सोबती कार्ड क्र. ४१. पूनम यांच्या गोळ्या (फिट) पाच दिवसांत संपत आहेत. श्री मल्लिनाथ मेडिकल.' आमचाच होता.

"मी बिरदेव. होटगीचा. पूनम माझी मंडळी."

मी स्टूल दिलं, पाणी दिलं. मेसेज पाहून कुणी स्वतःहून चालत येणं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"ह्या गोळ्या कशाच्या म्हणायच्या?"

"फिटच्या. कंसात लिहिलंय की."

"रोज खाव्या लागत्यात?"

"सकाळ-संध्याकाळ. चुकवायच्या नाहीत. नियमित घेतल्या तर बहुतेकांना वर्षानुवर्षं काही होत नाही. तुमच्या घरच्या अगदी वेळेवर घेतात."

"किती वरसं झाली?"

मी कॉम्प्युटरमध्ये जुनी बिलं पाहिली. "आमच्याकडून पाच वर्षं."

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "आमचं लगीन गेल्या वरसी मे म्हयन्यात झालं." मी अभिनंदन केलं. रेल्वेचा विषय मीच काढला. म्हटलं, तुमच्या दवाखान्यात पत्नीचं नाव लावून घ्या, सगळं फुकट मिळेल, सासऱ्यांना उगीच भुर्दंड कशाला? तो म्हणाला, "मला ठावं न्हवतं." मी म्हटलं, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, हात जोडले आणि गेला. सभ्य माणूस. असा जावई मिळायला नशीब लागतं.

जेवताना महेश्वरीला सगळं सांगितलं. तिने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "'ठावं न्हवतं' ते कशाबद्दल म्हणाला तो?"

"रेल्वेच्या सवलतीबद्दल."

ती माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.

११ ऑगस्ट

महेश्वरीने सकाळी चहा देताना एकच प्रश्न विचारला. कॅल्शियमची डबी कशाला लागते, हे तुम्हाला वर्षभरात एकदाही सुचलं नाही का?

सासरी उघड्यावर ठेवता यावी म्हणून लागते. वर कॅल्शियमचं नाव असलं की कुणी विचारत नाही. एवढी साधी गोष्ट. तिने पुढे आणखीही सांगितलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि वर अभिनंदन." लाज वाटली. ती दिवसभर पुरली.

सिद्धाप्पांना फोन लावत होतो. बंद.

१४ ऑगस्ट

कॉम्प्युटरवाल्याला बोलावून मेसेजमधला कंस काढून टाकला. दुसऱ्या रकान्यातले नंबर पुसले. बैल गेला नि झोपा केला. कॉम्प्युटरवाला काही बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

वळसंगला जाऊन यावं असं तीनदा मनात आलं. वळसंग काही लांब नाही. गेलो नाही. तिथे जाऊन काय बोलायचं ते ठरेना.

२ सप्टेंबर

सिद्धाप्पा आले. गल्ल्यापाशी आले नाहीत, बाहेर पायरीवर बसले. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. समोरच्या काचेच्या दारातून मॅनेजर बघत होता.

"जावयानं पोरगी आणून सोडली," ते म्हणाले. "भांडला न्हाय, शिवी न्हाय. दारात सोडली, बॅग ठिवली, गेला."

मी म्हटलं, "ते मेसेज घेऊन आले होते. विचारलं. मला वाटलं, घरचेच आहेत."

"घरचंच हायती की. त्यास्नीच सांगायचं न्हवतं."

मग ते आपणहून बोलत राहिले. लग्न ठरताना त्यांनी सांगायचं ठरवलं होतं. सोयरीक जुळवणारा म्हणाला, सांगितलं की लग्न मोडलं, रेल्वेतला पोरगा परत मिळायचा नाही. गोळी चालू आहे, फिट येत नाही, मग बोलायचं कशाला? एखादं मूल झालं की हळूच सांगू, असं ठरलं. तोवर डबी. दर महिन्याला शेंगाचटणी न् कडक भाकरी घेऊन लेकीला भेटायला जायचे, त्यातून डबी पोचवायचे. "नांदत हुती तवर एक बी दीस तिची गोळी चुकू दिली न्हाय मी," म्हणाले. हे खरं आहे.

उठताना ते म्हणाले, "त्यो नंबर मी तुमाला दिला न्हवता, आण्णा."

मी म्हटलं, "सिस्टीममध्ये कुठून तरी आला असेल."

"पोरगी म्हणती, तिनं जावयाच्या फोनवरनं तुमाला लावला हुता. म्हून झालं. माझ्याच हातानं झालं म्हणती न् रडती. मी बी बोललो तिला. सांगितलं हुतं की, फोन करू नको म्हून."

इथे मला बोलायला हवं होतं. फोन आल्याने काही झालं नव्हतं. तो नंबर उचलून रकान्यात मी भरला होता आणि तिने लावू नका म्हणून सांगितल्यावर भरला होता. जीभ उचलेना. जेव्हा गप्प बसायचं तेव्हा मी बोललो आणि बोलायचं तेव्हा गप्प बसलो. ते एसटी स्टँडच्या दिशेने गेले. गोळ्या नेल्या नाहीत.

३१ ऑक्टोबर

कार्ड योजनेचा हिशेब केला. सभासद एकशे अठरा. येणाऱ्यांवर जेमतेम खर्च निघतो, पुणेकर खोटं बोलला नव्हता. न येणाऱ्यांची नावं कॉम्प्युटरने वेगळी काढली. त्यांच्या फीवर खर्च काहीच नाही, सगळी शिल्लक. त्यात कार्ड ४१ आहे. १२ जुलैनंतर खरेदी नाही. प्रोग्रॅम अशा सभासदांपुढे हिरवी खूण करतो. ही खूण काढता येते का ते विचारायला हवं.

महेश्वरी म्हणाली, "मग ती पोरगी गोळ्या कुठनं घेते?" मला माहीत नव्हतं. एकदम बंद केल्या तर काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज सिद्धाप्पांना पाहिलं. समोरच्या दुकानातून बाहेर पडत होते, हातात त्यांची हिरवी पिशवी, आत औषधाची स्ट्रिप स्पष्ट दिसत होती. माझ्या दुकानाकडे त्यांनी पाहिलं नाही.

हायसं वाटलं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला. महेश्वरीला लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता घरी येताना कोथिंबीर आणा."

१६ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. दुकान लवकर बंद केलं. जत्रेच्या दिवसांत पोट बिघडल्याची औषधं जातात, बाकी थंड. समोरचा फलक बदललाय. 'सर्व औषधांवर'च्या जागी आता 'निवडक औषधांवर' आलंय. अक्षर लहान आहे.

२७ जानेवारी

संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक मुलगी आली. बारीक अंगाची, खांद्यावर पिशवी, केसांत खाकी धाग्याचे तुकडे अडकलेले. चिठ्ठी पुढे केली. ती कोण हे चिठ्ठीवरून कळायच्या आधी मला आवाजावरून कळलं. आज तो दबका नव्हता.

"मी पूनम. वळसंगच्या सिद्धाप्पाची. समोरच्या दुकानात कंपनी बदलून गोळी दिली त्येनी. म्हणले, तीच हाय, स्वस्त पडती. दोन म्हयन्यानं मला फिट आली. डाक्टर लई वरडले. ह्या रोगात कंपनी बदलायची नसती म्हणले. तुमच्याकडं पयलीच हाय का?"

होती. ती मी मागवत आलो होतो. दर महिन्याला दोन स्ट्रिपा मागवायच्या आणि महिनाअखेर तशाच राहिल्या की परत पाठवायच्या, असं चाललं होतं. महेश्वरीने कारण विचारलं नव्हतं.

ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवते, मशीनवर. रोज वळसंगहून येते-जाते. मी विचारलं, तिथे माहीत आहे का? "सांगूनच लागले," ती म्हणाली. "मालकीण म्हणली, कडंला एकली बसू नको, मदल्या रांगेत बस. बसते."

होटगीचं विचारावं की नको, ते कळेना. तिनेच सांगितलं. दोन्हीकडची माणसं एकदा बसली होती. सासू नको म्हणते. बिरदेव दोन-तीनदा वळसंगच्या स्टँडपर्यंत येऊन गेला, घरापर्यंत आला नाही. "त्येंचं एकच म्हणणं हाय. मला सांगायचं हुतं. त्ये खोटं न्हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. मग म्हणाली, "मी त्या दिवशी त्येंच्या फोनवरनं तुमाला लावायला नको हुतं."

मी गल्ल्याचा खण बंद केला आणि सांगून टाकलं. म्हटलं, "ताई, तुमच्या फोनने काही झालं नाही. तुम्ही लावू नका म्हणाला होता, तरी तो नंबर मी कार्डात भरला. आजार कंसात लिहायचं डोकं माझं. ते इथे आले तेव्हा पाच वर्षं झाली हेही मीच सांगितलं. तुमच्या वडिलांना मी सांगितलं की सिस्टीममध्ये कुठून तरी आला असेल. ते खोटं होतं."

ती ऐकत होती. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही ऐकलं.

"अप्पास्नी ह्ये ठावं हाय?"

"नाही."

तिने पिशवीतून फोन काढला. नवा होता, स्वतःचा. नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा. त्ये मला काय बोलत न्हाईत, पर माझ्याकडं बगत बी न्हाईत."

या वेळी सिद्धाप्पांचा फोन चालू होता. मी जे तिला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, शब्द न बदलता. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने, "पोरगीकडं द्या."

ती फोन घेऊन दारापाशी गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. बोलून झाल्यावर पदराने तोंड पुसलं आणि परत गल्ल्याशी आली.

"माझं नाव अप्पाच्या कार्डावरनं काढा. मला माझं येगळं कार्ड द्या."

मी म्हटलं, फी राहू द्या, गोळ्यांचेही राहू द्या. तिने तीनशे रुपये मोजून ठेवले. "कार्डात जेवढं बसतंय तेवढंच कमी करा." मी पंधरा टक्के कमी केले. कार्डावर घरातल्या आणखी तीन माणसांची जागा असते. नावं विचारली. "ऱ्हाऊ द्या मोकळी," म्हणाली. नंबर तिचा घातला. दुसरा रकाना मी स्वतःहून दाखवला. त्यालाही तिने नाही म्हटलं.

नंबर बरोबर आहे का ते बघायला एक मेसेज पाठवला. तिचा फोन वाजला. ती वाचायला लागली, "नमस्कार पूनम. तुमच्या गोळ्या पाच दिवसांत संपत आहेत. श्री मल्लिनाथ मेडिकल." मग मान वर केली. "ह्यात कशाच्या गोळ्या त्ये न्हाय की."

"आता लिहीत नाही. तेव्हापासून बंद केलं."

"माझ्यात लिवा."

"कशाला, ताई?"

"मशीनवर असते मी. पडले तर शेजारच्या बायास्नी फोन बगून कळाय पायजे, काय झालंय त्ये. न्हायतर कुनी कांदा हुंगवतंय, कुनी अंगात आलं म्हणतंय. लिवा."

एका सभासदापुरता कंस घालता येतो का, हे मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, येतं, पण कशाला, सर? मी म्हटलं, सभासद मागतोय. त्याने सांगितलं तसं केलं आणि मेसेज पुन्हा पाठवला.

तिने तो पहिल्यापासून वाचला. वाचता येतं तिला, पण शिवणकाम करणाऱ्या माणसासारखी एकेक टाका बघत वाचते. कंसापाशी आल्यावर थांबली नाही. "फिट" हा शब्द बाकीच्या शब्दांइतक्याच आवाजात वाचला. मागच्या गिऱ्हाइकांपैकी एकाने मान वळवली. तिने फोन पिशवीत ठेवला.

मी सवयीने कॅल्शियमची एक डबी काढून गल्ल्यावर ठेवली होती. ती तिने हाताने बाजूला सरकवली, स्ट्रिपा तशाच पिशवीत टाकल्या आणि एसटी गाठायला निघून गेली. डबी मी परत फळीवर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.